गव्हाणीतले विष आणि यकृताची साक्ष

गोमंतकातून कामानिमित्त हुबळीला गेलेला मनुष्य कोप्पीकर रोडवर एक फेरी मारल्यावाचून सहसा परतत नाही. कुणाला घरातल्या लग्नाचे कापड घ्यावयाचे असते, कुणाला दागिन्यांची चौकशी करावयाची असते, तर कुणाला गाडीची वेळ होईपर्यंत नुसता वेळ काढावयाचा असतो. परतताना मात्र बहुतेकांच्या पिशवीत धारवाडी पेढ्याचा पुडा असतोच. घरी आल्यावर त्यातला पहिला पेढा देवापुढे ठेवला जातो आणि मग तो मुलाबाळांच्या हातावर पडतो. त्या पेढ्यामागे दूध आहे, दुधामागे म्हैस आहे आणि म्हशीमागे तिच्या गव्हाणीत पडणारी पेंड, मका, सरकी व कोंडा आहे, एवढा मागोवा घेत बसण्याची आवश्यकता कुणाला वाटत नाही. परंतु ती आता वाटावयास हवी, असे आमचे मत आहे.

प्रारंभीच हे स्पष्ट केले पाहिजे, की धारवाडच्या पेढ्यावर किंवा कोणत्याही दुकानदारावर संशयाचे बोट रोखण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न त्याहून मोठा व जुना आहे. घाटावरचा मका आणि शेंगदाण्याची पेंड ज्या वाटेने कोकणपट्टीत उतरते, त्याच वाटेने डोळ्यांना न दिसणारे एक विषही उतरू शकते. ते जनावराच्या यकृतात शिरते, तेथील कारभार बिघडवते, आणि जनावर वरकरणी ठणठणीत दिसत असतानाच दुधावाटे माणसाच्या घरात येते. या विषाबद्दल गेल्या दोन दशकांत शास्त्रज्ञांनी जे दाखवून दिले आहे, ते आपल्या पशुसंवर्धनाच्या धोरणकर्त्यांनी अद्याप पुरतेपणी मनावर घेतलेले नाही.

हे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन होय. ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ नावाच्या हिरवट-पिवळ्या बुरशीपासून ते तयार होते व त्या बुरशीच्या नावाची आद्याक्षरे घेऊनच त्याचे नामकरण झाले आहे. ही बुरशी मातीत सर्वत्र असते. २५ ते ३५ अंश तापमान आणि दमट हवा मिळाली, की ती फोफावते. भुईमुगाच्या दाण्यात आठ-नऊ टक्क्यांहून अधिक किंवा मक्यात चौदा टक्क्यांहून अधिक ओल राहिली, की तिला घर मिळाले म्हणून समजावे. शेवटच्या पाण्याला पाऊस दगा देतो, शेंग जमिनीतच करपते, तेव्हा ती शेतातच दाण्यात शिरते. आणि काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, तर खळ्यावर व गोदामात तिचे फावते. म्हणजे अवर्षण आणि अतिवर्षण ही दोन्ही तिच्या पथ्यावर पडतात. धारवाड, हावेरी, गदग हा मक्याचा आणि भुईमुगाचा पट्टा या दोन्ही संकटांशी चांगला परिचित आहे.

त्यातून कोकणपट्टीचे दुर्दैव असे, की घाटावर कोरडा असलेला माल येथे येऊन भिजतो. अमरगोळच्या बाजार आवारातून निघालेले पोते अनमोडचा घाट उतरून सत्तरी किंवा धारबांदोड्याच्या गोठ्यापाशी पोहोचते, तेव्हा ते जमिनीवर, भिंतीला टेकून आणि अनेकदा गळक्या छपराखाली ठेवले जाते. आषाढ-श्रावणात येथे कपाटातल्या कपड्यांना बुरशी चढते, मग पेंडीच्या पोत्याची कथा काय? शिवाय आपल्याकडचे काही खास पदार्थ या बाबतीत अधिकच नाजूक आहेत. नीट न वाळलेल्या खोबऱ्याची पेंड आणि बिअरच्या कारखान्यातून मिळणारा ओला चोथा हे दोन्ही स्वस्त म्हणून गुरांना घातले जातात, आणि दोन्हींवर बुरशी झपाट्याने चढते.

या विषाची ओळख जगाला झाली ती १९६० साली, इंग्लंडमध्ये. त्या वर्षी तेथे सुमारे एक लाख टर्की पक्षी पटापट मेले. रोगाचे कारण न समजल्याने त्याला ‘टर्की एक्स रोग’ असे नाव पडले. पुढे शोध घेता घेता धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. आपल्याकडेही धडे मिळावयास फार वेळ लागला नाही. १९६६ साली तत्कालीन म्हैसूर राज्यात भुईमुगाच्या पेंडीतील याच विषाने कोंबड्यांची पिल्ले मोठ्या संख्येने दगावल्याची नोंद आहे. आणि १९७४ च्या अखेरीस तर गुजरातचा पंचमहाल व राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन माणसेच आजारी पडली. कावीळ झाली, पोटात पाणी साठले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या पाहणीत ३९७ रुग्ण आढळले व त्यांतील १०६ जण मृत्यू पावले. त्या घरांतील उष्ट्यावर जगणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली. १९९५ मध्ये कर्नाटक व आंध्र प्रदेशातील काही खेड्यांत पावसाने काळवंडलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटाचा विकार जडला, तो फ्युमोनिसिन नावाच्या दुसऱ्या एका बुरशीविषाने. तेव्हा हा विषय परदेशी प्रयोगशाळांतून आयात झालेला आहे, अशी कुणाची समजूत असल्यास ती त्याने सोडून द्यावी.

परंतु पटापट मरणारे पक्षी आणि काविळीने फुगलेली माणसे ही या विषाची ढळढळीत रूपे झाली. त्याचे खरे कारस्थान त्याहून शांतपणे चालते, आणि ते समजून घ्यावयाचे तर यकृतात डोकावले पाहिजे. यकृत हे शरीराचे जकात नाके होय. आतड्यातून रक्तात शिरलेली प्रत्येक वस्तू प्रथम तेथे तपासली जाते. परके द्रव्य आले, की त्याचे रूपांतर करून ते शरीराबाहेर घालविण्याचे काम यकृतातील विकरे, म्हणजे एन्झाइमे, करीत असतात. ही विकरे तयार करण्याची कृती पेशीतील जनुकांत लिहिलेली असते. मात्र सर्व जनुके सर्वकाळ सारखीच जागी नसतात. गरजेप्रमाणे एखादे जनुक अधिक काम करू लागते, एखादे मंदावते. दप्तरात हजारो हुकूम लिहिलेले असावेत, पण प्रत्यक्षात कोणता हुकूम किती वेळा निघतो त्यावर कचेरीचा कारभार ठरावा, तसाच हा प्रकार आहे. जनुकांची क्रियाशीलता मोजणे म्हणजे निघालेल्या हुकुमांची मोजदाद करणे.

अफ्लाटॉक्सिनची गंमत, किंवा खरे म्हणजे क्रूरता, अशी की मूळ रूपात ते फारसे अपाय करीत नाही. यकृतातील ‘सायटोक्रोम पी-४५०’ कुळातील विकरे त्याला बाहेर घालविण्याच्या सद्‌हेतूने हाताळावयास जातात आणि त्या खटाटोपात त्याचे एक अत्यंत जहाल रूप निर्माण होते. हे जहाल रूप पेशीकेंद्रकातील डीएनएच्या साखळीला जाऊन चिकटते, व त्यामुळे जनुकांच्या मूळ लिखाणातच चुका होऊ शकतात. त्याला निष्प्रभ करण्याची जबाबदारी ‘ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज’ या दुसऱ्या एका विकरावर असते. म्हणजे एकीकडे विष जहाल करणारे हात आणि दुसरीकडे ते शमविणारे हात, अशी रस्सीखेच प्रत्येक यकृतात चाललेली असते. जनावर वाचणार की झिजणार, हे या दोहोंच्या बळावर ठरते. उंदराच्या यकृतात शमविणारे विकर बलवान असल्यामुळे तो हे विष बऱ्यापैकी सोसतो. पाळीव टर्कीत ते जवळजवळ निकामी झालेले आहे, म्हणून १९६० साली तो पक्षी पहिला बळी ठरला. विशेष म्हणजे रानटी टर्कीत ही शक्ती शिल्लक असल्याचे संशोधकांना आढळले आहे. मांस वाढविण्याच्या नादात माणसाने त्या पक्ष्याची निवड करता करता त्याच्या यकृताची ढाल नकळत काढून घेतली असावी, असा याचा अर्थ निघतो. अधिक दूध व अधिक मांस यांमागे धावणाऱ्या आपल्या संकरधोरणानेही यावर विचार करावा, इतके हे उदाहरण बोलके आहे.

या रस्सीखेचीत विषाचा हस्तक्षेप कसा होतो, हे अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात झालेल्या प्रयोगांनी दाखविले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात मांसल कोंबड्यांच्या पिल्लांना किलोमागे एक मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन असलेले खाद्य तीन आठवडे देण्यात आले आणि नंतर त्यांच्या यकृतातील जनुकांची क्रियाशीलता मोजण्यात आली. आढळले ते असे, की विष जहाल करणाऱ्या कुळातील जनुकांचे काम वाढले होते, आणि संरक्षण करणाऱ्या जनुकांचे काम मंदावले होते. घराचा पहारेकरी झोपी जावा आणि चोराला दिवटी धरणारा मात्र जागा राहावा, असा हा प्रकार झाला. त्याच विद्यापीठात वाढत्या वयाच्या डुकरांना किलोमागे २५० व ५०० मायक्रोग्रॅम विष असलेले खाद्य देऊन केलेल्या अभ्यासात, पेशींच्या आत्मनाशाचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांच्या क्रियाशीलतेत फरक पडल्याचे दिसले.

या संशोधनाचा एक धागा आपल्या परसदारापर्यंत येतो. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेतील डॉ. एन. के. एस. गौडा यांनी मिसुरीतील सहकाऱ्यांसमवेत या विषावर हळदीचा काय परिणाम होतो हे तपासले होते. खाद्यात अर्धा टक्का हळदपूड मिसळली असता पिल्लांच्या वाढीत सुधारणा दिसली, आणि जनुकांच्या मोजणीतही बिघडलेला तोल काही अंशी सावरल्याचे आढळले. हळदीचे गुण आपल्या आजीबाईंना ठाऊक होते, असे म्हणून पाठ थोपटून घेण्याचा मोह या ठिकाणी अनेकांना होईल. तो आवरावा. हा प्रयोग पिल्लांवरचा होता, ठरावीक मात्रेचा होता, आणि सुधारणा अंशतः होती. बुरशी आलेल्या पेंडीवर मूठभर हळद टाकली म्हणजे ती गाईला घालावयास हरकत नाही, असा त्याचा अर्थ कुणी लावील, तर तो शास्त्राचाही अपमान आणि गाईचाही घात ठरेल. त्याचप्रमाणे प्रयोगातील विषाची मात्रा ही भारतीय मानकाने पशुखाद्यात मान्य केलेल्या कमाल मर्यादेच्या पन्नास पट होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या गोठ्यात रोज एवढे विष पडते, असा दावा आम्ही करीत नाही.

मग या प्रयोगांचे महत्त्व कोणते? ते असे, की जनावर डोळ्यांना निरोगी दिसणे हा सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही, हे त्यांनी निर्णायकपणे पटविले. शेतकरी काय पाहतो? गाय चारा खाते, रवंथ करते, डोळे स्वच्छ आहेत, म्हणजे सारे ठीक. परंतु कावीळ, रक्तस्राव, मृत्यू ही या नाटकाच्या शेवटच्या अंकातील दृश्ये आहेत. पहिला अंक यकृताच्या पेशींत, हुकुमांच्या पातळीवर, नि:शब्दपणे पार पडलेला असतो. त्याचे पडसाद बाहेर उमटतात तेही फसवे असतात. वासराची वाढ खुंटते, गाईचे दूध अर्ध्या-एक लिटरने उतरते, प्रतिकारशक्ती खालावल्याने लस टोचूनही ती नीट लागू पडत नाही. या प्रत्येक गोष्टीला दुसरे काही कारण सहज सापडते. हवा बदलली, चारा बदलला, दृष्ट लागली. शेतकरी महिन्याचा हिशेब मांडतो तेव्हा खोट दिसते, पण ती कुणाच्या खात्यावर मांडावी हे त्याला कळत नाही.

आता दुधाकडे वळू. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ चे यकृतात एम-१ या रूपात रूपांतर होते व त्याचा काही भाग, साधारणतः एक ते दोन टक्के आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईत सहा टक्क्यांपर्यंत, दुधात उतरतो. विषारी खाद्य पोटात गेल्यापासून एका दिवसाच्या आत ते दुधात दिसू लागते. दूध उकळल्याने वा पाश्चरीकरणाने ते नष्ट होत नाही. दूध आटविले, तर पाणी जाते आणि विष मागे राहते. छेना किंवा चीज केले, तर ते प्रथिनांना धरून त्यात एकवटते. आडात असेल ते पोहऱ्यात येणारच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्ये अफ्लाटॉक्सिनांची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात केली. एम-१ ची कर्करोगकारक शक्ती बी-१ च्या सुमारे एक दशांश समजली जाते. तेव्हा एक पेला दुधाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जे बालक दिवसातून तीन वेळा दूधच पिते, त्याच्या बाबतीत हा दशांशही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

थोडे गणित करून पाहू. आपल्याकडे संमिश्र पशुखाद्यात बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे आणि दुधात एम-१ ची मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे. दहा लिटर दूध देणारी गाय रोज पाच किलो खुराक खाते असे धरू. खुराकात बरोबर मर्यादेइतके विष असेल, तर तिच्या पोटात शंभर मायक्रोग्रॅम गेले. त्यातले दोन टक्के दुधात उतरले तर लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम झाले. हे आपल्या कायद्यात बसते, मात्र युरोपच्या ०.०५ या मर्यादेच्या चौपट भरते. आणि पावसाळ्यात पोते भिजून विष तिप्पट झाले, तर तोच आकडा ०.६ होतो व आपलीही मर्यादा ओलांडतो. त्यासाठी पेंड काळी पडावी, वास यावा, जनावर आजारी दिसावे, असे काहीही घडावे लागत नाही.

हे नुसते कागदी गणित नव्हे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातील दुधाची पाहणी केली व तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेहून अधिक सापडले. तामिळनाडू, दिल्ली व केरळ ही राज्ये त्यात आघाडीवर होती. दुधात पाणी, युरिया, साबण यांची भेसळ होते म्हणून ओरड करण्याची आपल्याला सवय आहे. त्या पाहणीने दाखविले, की भेसळीपेक्षा हे न मिसळलेले विषच अधिक व्यापक आहे. आणि अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट ही, की मर्यादाभंग करणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या, पिशवीबंद दुधात जास्त होते. पिशवीवरचा छाप स्वच्छतेची हमी देतो. गव्हाणीची हमी तो देऊ शकत नाही.

येथेच कायद्यातील एका मोठ्या छिद्राकडे बोट दाखविणे भाग आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळलेले आहे. परिणाम असा, की दूध कायद्याच्या कक्षेत आणि दूध ज्यापासून होते ते खाद्य मात्र कक्षेबाहेर. भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे, पण ते प्रामुख्याने ऐच्छिक राहिले. व्यापारी पशुखाद्याने ते मानक पाळावे असे निर्देश २०२० च्या सुमारास प्राधिकरणाने काढले खरे. परंतु त्यांच्या अंमलबजावणीची मुदत एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, ही म्हण जणू या व्यवस्थेसाठीच घडविली असावी. नमुना दुधाचा घ्यावयाचा, दूषित आढळल्यास दूधवाल्याला पकडावयाचे, आणि विष ज्या पोत्यातून आले त्या पोत्याला कुणी हात लावावयाचा नाही!

याचा भुर्दंड कोण सोसतो हे पाहिले, की प्रश्नाची खरी बाजू उघडी पडते. कामधेनू योजनेखाली अनुदान व कर्ज घेऊन दोन-चार संकरित गाई बांधणारा डिचोलीचा किंवा सांग्याचा शेतकरी पेंडीचे पोते विकत घेतो. त्यात काय आहे हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. पोत्याची किंमत तो पूर्ण मोजतो, दूध उतरते ते त्याचे, वासरू खुरटते ते त्याचे, आणि उद्या दूध नाकारले गेले तर तेही त्याचेच. घाटावरचा मका पिकविणारा शेतकरीही यात सुखी नाही. पाऊस आल्यावर माल वाळवावयास ना फरसबंद खळे, ना यंत्र. मिळेल त्या भावाने भिजका माल आवारात नेऊन टाकणे एवढेच त्याच्या हाती उरते. ओलसर मालाला भाव कमी मिळतो, पण तो नाकारला जात नाही. तो माणसाच्या ताटातून बाद झाला की पशुखाद्याकडे वळविला जातो. माणसाने न खाण्याजोगे ते जनावराने खावे, ही आपल्या बाजाराची अलिखित रीत आहे. आणि जनावराने खाल्लेले पुन्हा माणसाकडेच येते, हा निसर्गाचा लिखित नियम आहे.

कडक तपासणी केल्यास खाद्य महागेल व दूध टंचाई होईल, असा एक युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी पोकळ नाही. २०१२ च्या अवर्षणानंतर सर्बियात मक्यात हे विष वाढले, दूध मर्यादेबाहेर गेले, आणि २०१३ मध्ये तेथील सरकारने काय केले? मर्यादाच ०.०५ वरून ०.५ वर, म्हणजे दसपट, नेऊन ठेवली. एका सहीने साऱ्या देशाचे दूध कागदावर शुद्ध झाले. संकटकाळी राज्यकर्ते असा सोपा मार्ग पत्करतात, तो पूर्वतयारी नसल्यामुळे. आपली मर्यादा तर आधीच त्या सैलावलेल्या आकड्यावर उभी आहे, हे विसरता कामा नये. महागाईचे म्हणाल, तर खुरटलेले वासरू, वाया गेलेली लस आणि उतरलेले दूध हे आज फुकट पडत आहे काय? तो खर्च होतोच आहे. फक्त तो गरिबाच्या गोठ्यात होत असल्यामुळे अंदाजपत्रकात दिसत नाही.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. पहिला व सर्वांत स्वस्त उपाय ओल मोजण्याचा. धान्यातील ओल दाखविणारे लहानसे यंत्र प्रत्येक दूध सोसायटीला परवडू शकते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवणे, पावसाळ्यात पंधरा दिवसांहून अधिक साठा न करणे, बुरशी धरलेला भाग ‘वरचा काढून टाकून’ उरलेला न घालणे, या गोष्टींना पैशापेक्षा शिकवण लागते. दुसरा उपाय, पशुखाद्याच्या प्रत्येक गाडीचा नमुना कारखान्याच्या दारातच तपासण्याचा. झटपट तपासणीच्या पट्ट्या आज उपलब्ध आहेत. गोव्यात उसगावला पशुखाद्याचा सहकारी कारखाना आहे, बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळा आहे, जुन्या गोव्यात किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आणि घाटापलीकडे धारवाडला १९८६ पासून स्वतंत्र कृषी विद्यापीठ आहे. या चौघांना एका सूत्रात गुंफण्यास नवी इमारत बांधावी लागत नाही. एका आदेशाची आणि थोड्या इच्छाशक्तीची गरज आहे. तपासणीचे निकाल दरमहा जाहीर व्हावेत, कारण जे प्रसिद्ध होते तेच सुधारते.

तिसरी गोष्ट, विष शोषून घेणाऱ्या बेंटोनाइट मातीसारख्या द्रव्यांची. युरोपने २०१३ मध्ये त्यांना विशिष्ट प्रमाणात परवानगी दिली आहे. ती उपयोगी आहेत. पण शुद्ध खाद्याची जागा ती घेऊ शकत नाहीत, आणि वाईट माल खपविण्याचा परवाना तर ती मुळीच नव्हेत. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जबाबदारीची साखळी. दूध मर्यादेबाहेर आढळले, तर शेतकऱ्याला दंड करून थांबू नये. त्याच्या गोठ्यातील पोत्यापर्यंत, पोत्यावरून कारखान्यापर्यंत आणि कारखान्यावरून बाजार आवारापर्यंत शोध गेला पाहिजे. त्यासाठी गोवा व कर्नाटक या दोन राज्यांनी एकत्र बसले पाहिजे. म्हादईच्या पाण्यावरून ही दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडत आहेत. पेंडीच्या पोत्यावर तरी त्यांचे एकमत व्हावयास हरकत नसावी, कारण दोन्हींकडची मुले तेच दूध पितात.

एक दिलासा मात्र या विषात आहे. खाद्य बदलले, की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. रोग असाध्य नाही; आपली बेफिकिरी तेवढी असाध्य न ठरो. दिवाळीच्या पाडव्याला, गोरवांच्या पाडव्याच्या दिवशी, आपण गुरांना न्हाऊ घालतो, शिंगे रंगवतो, गळ्यात माळा घालतो आणि गोडधोडाचा घास त्यांच्या तोंडी देतो. त्या एका दिवसाच्या पूजेत खोटेपणा नाही. परंतु उरलेल्या ३६४ दिवशी त्याच मुखात आपण काय घालतो, याचा जाब त्या मुक्या जीवाला विचारता येत नाही. तो जाब त्याचे यकृत देत असते, आणि ते वाचण्याची विद्या आता माणसाला अवगत झाली आहे. वाचून न वाचल्यासारखे करणे हे अज्ञान नव्हे, तो अपराध होय. कोप्पीकर रोडवरून आणलेला पेढा देवापुढे ठेवताना, तो ज्या गव्हाणीतून आला ती गव्हाणही तितकीच सोवळी असावी, एवढी अपेक्षा भाविकाने बाळगली तर त्यात अधिक ते काय?